रहांगडालेजींचं आवतन रजिस्टर

रहांगडालेजींबद्दल लिहायला बसले की अजूनही वाटतं, आधी एका रजिस्टरवर सही करावी लागणार. निळ्या कापडी बांधणीचं, कोपरे झिजलेलं, आणि कुणी पळवू नये म्हणून सुतळीने पेन बांधलेलं ते रजिस्टर. आमच्या हॉस्पिटलात बाहेरून येणारी कुठलीही नवी मेल, कुठल्याही सॉफ्टवेअरचं नवं पान, त्या रजिस्टरात नोंद झाल्याशिवाय आत येत नसे. सहा वर्षं त्या रजिस्टरने माझं डोकं खाल्लं. शेवटी त्याच्यापायी रहांगडालेजींची स्वतःची नोकरी गेली, आणि त्यात माझ्या एका सहीचा हात होता. म्हणजे मी न केलेल्या सहीचा.

आमचं हॉस्पिटल गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं, एका ट्रस्टचं, पन्नास खाटांचं. ट्रस्टचं मुख्य कार्यालय नागपूरला. मी नोंदणी विभाग सांभाळते. रहांगडालेजी जिन्याखालच्या खोलीत बसत. त्या खोलीत सगळ्या इमारतीच्या इंटरनेटची पेटी होती, एक पंखा होता, आणि बायकोच्या जुन्या लुगड्याचं झाकण शिवून घातलेला कॉम्प्युटर होता. साठीकडे झुकलेला, सडसडीत माणूस. शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. डब्यात भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण, वर्षाचे बारा महिने. डबा उघडण्याआधी ते झाकण पालथं घालून टेबलावर ठेवत आणि त्यावर चष्मा ठेवत. जेवताना मेल वाचायची नाही, हा त्यांचा नेम होता.

त्यांच्या कामाला कॉम्प्युटरवाले अलाऊ लिस्ट म्हणतात. बाहेरून येणाऱ्या मेलना चाळणी लागते. यादीत ज्याचं नाव त्याला वाट मोकळी, बाकीच्यांना दारात थांबवायचं. जगात हे काम दोन मिनिटांचं असावं. आमच्याकडे त्याला दोन दिवस लागत.

मी नवीन लागले तेव्हा पेशंट नोंदणीच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड मेलवर येणार होता. तो काही येईना. कुणीतरी म्हणालं, जिन्याखाली जा. मी गेले. रहांगडालेजींनी रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "कोन येनार आहे?"

"कोणी येणार नाही हो. मेल येणार आहे."

"तेच म्हन्तो ना जी. कोनाकडून येऊन राहिली?"

मी कंपनीचं नाव सांगितलं. त्यांनी पत्त्याचं एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं, लिहिलं, परत वाचलं. मग मान वर करून म्हणाले, "एक पान का चूलबंद?"

आमच्या भागात लग्नाचं आवतन दोन तऱ्हेचं असतं. एका पानाचं म्हणजे घरातल्या एकानेच जेवायला जायचं. चूलबंद म्हणजे सगळ्या घराने जायचं, त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. रहांगडालेजी तरुणपणी सौंदडजवळच्या आपल्या गावात घरोघरी आवतन सांगायला जात. अलाऊ लिस्टही त्यांनी त्याच हिशोबाने लावली होती. एकाच पत्त्यावरून आमच्यातल्या एकाच माणसाला मेल यायची असेल तर एक पान. त्या कंपनीतून कुणीही कुणालाही पाठवू शकत असेल तर चूलबंद. सहा वर्षांत त्यांनी चूलबंद दिलं ते तिघांना: ट्रस्टचं कार्यालय, रक्तपेढी आणि तपासण्या करून देणारी लॅब. बाकी सगळे एका पानाचे.

"एक पान," मी म्हणाले.

"मंग दुसऱ्या कोनाची सही आना."

"मेल माझी आहे. मी करते ना सही."

"जेवनारा येगळा आन् आवतन देनारा येगळा. सोताच सोताले कोनी आवतन देते का?"

मी वॉर्डातल्या सिस्टरला हाताला धरून खाली आणलं. तिने सही केली. रहांगडालेजी तिला म्हणाले, "वाचून केली का?" तिने नोंद वाचली नव्हती. त्यांनी तिच्याकडून वाचून घेतली, मोठ्याने. आम्ही दोघी वर आलो तेव्हा नोंदणीच्या खिडकीसमोर सतरा माणसं उभी होती आणि त्यातला प्रत्येक जण माझ्यावर चिडलेला होता.

अडवलेल्या मेल ज्या कप्प्यात साठत त्याला ते छपरी म्हणत. बोलावल्याशिवाय आलेला पाहुणा जसा छपरीत, म्हणजे घराच्या पडवीत, बसून राहतो, तशी ती मेल. रोज सकाळी खोली उघडली की ते आधी छपरीत कोण कोण बसलंय ते वरवर बघत आणि ज्याचं त्याला येऊन सांगत, "मॅडमजी, तुमच्याकडचं एक जन छपरीत बसून आहे. कायले आलं ते पाहा." फोनवर कधी सांगत नसत. दोन मजले चढून येत.

त्यांच्या या तऱ्हेचा फायदा झालाच नाही असं म्हणता येत नाही, आणि तेच जास्त चीड आणणारं होतं. एकदा लॅबच्या नावाने एक मेल आली. नाव तेच, खूण तीच, पत्त्यात एक अक्षर जास्त. ट्रस्टच्या दुसऱ्या शाखेत ती कुणीतरी उघडली आणि त्यांचे सगळे कॉम्प्युटर आठ दिवस बंद पडले. तिथले लोक कागदावर नोंदी करत बसले. आमच्याकडे ती मेल छपरीत बसून राहिली. मी त्यांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, "आडनाव सारखं होतं, गाव येगळं होतं." यापलीकडे त्यांनी त्या गोष्टीचं कौतुक केलं नाही की करून घेतलं नाही. पुढचे सहा महिने मात्र त्यांच्यावर चिडायची आम्हाला सोय उरली नाही.

ती सोय त्यांनीच परत करून दिली. आवतन एका कार्याचं असतं, पुढच्या कार्याला नवं सांगावं लागतं. त्यामुळे दिवाळी होऊन त्यांच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, झाली, की रहांगडालेजी सगळी यादी पुसत आणि कोरी सुरू करत. हे कुणालाही माहीत नव्हतं. दरवर्षी त्या सुमारास आठ-दहा दिवस मेल अडकतात, एवढंच आम्हाला कळे, आणि आम्ही दिवाळीत सगळ्याच गोष्टी बिघडतात म्हणून सोडून देत असू. मग एका वर्षी त्यांनी मंडईच्या आदल्या दिवशीच यादी पुसली आणि रजेवर गेले.

मंडईच्या दिवशी आमच्याकडे गरोदर बायकांची तपासणी होती. सालेकसा बाजूच्या गावांतून बायका सकाळीच आल्या होत्या. सोनोग्राफीच्या रिपोर्टचं पान काही केल्या उघडेना. पडद्यावर नुसता अडवल्याच्या खुणेचा लाल हात. डॉक्टर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "ये आपके रहांगडालेजी हैं कौन, भगवान हैं क्या?" मी त्यांना फोन केला. मागे ढोलकीचा आवाज. ते म्हणाले, पासवर्ड फोनवर सांगता येत नाही. मी स्कूटर काढली.

त्यांच्या गावची मंडई म्हणजे माणसांचा सागर. पाळणे, भांड्यांची दुकानं, बांगड्यांच्या पाट्या, एकीकडे दंडारीचं गाणं-नाटक चाललेलं. रहांगडालेजी दंडारीच्या पहिल्या ओळीत मांडी घालून बसले होते, हातात शिंगाड्यांची पिशवी. मी गर्दी तुडवत त्यांच्यापर्यंत पोचले. घशाला कोरड, कपाळावर केस, आणि तोंडात शिव्या तयार. त्यांनी मला बाजूला जागा करून दिली आणि विचारलं, "एक पान का चूलबंद?"

मी काय बोलले ते लिहीत नाही. ते निमूट उठले आणि स्कूटरवर मागे बसले. अर्ध्या वाटेत एक सोललेला शिंगाडा माझ्या खांद्यावरून पुढे आला. मी तो घेतला नाही. थोड्या वेळाने परत आला, तेव्हा घेतला. हॉस्पिटलात पोचल्यावर त्यांनी आधी रजिस्टरात नोंद केली, माझी सही घेतली, वाचून घेतली, आणि मगच पान उघडून दिलं. बाहेर बाकावर बसलेल्या एकेका बाईजवळ जाऊन "उशीर झाला, चूक माही होय" असं सांगून आले. तेव्हापासून यादी पुसण्याआधी सगळ्यांना आठ दिवस अगोदर सांगायचं, एवढं त्यांनी कबूल केलं. पुसायचं सोडलं नाही.

मला त्यांचा राग येई आणि त्या रागात ते मला आवडतही. हे दोन्ही एकदम होणं फार थकवणारं असतं.

एका दिवाळीला स्टाफचं एकत्र जेवण ठरलं. व्यवस्थापकांनी मोबाइलच्या गटात निरोप टाकला. सगळे गच्चीवर जमले, रहांगडालेजी नाहीत. मी खाली गेले तर ते झाकणावर चष्मा ठेवून भात-वरण खात होते.

"वर सगळे वाट बघताहेत. गटात निरोप वाचला नाही का?"

"वाचला ना जी. तो सगऱ्यायले होता. मले कोनी म्हटलं नाई."

"मग विचारायचं एखाद्याला."

"मागून घेतलं तं ते आवतन होय का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. मग म्हटलं, रहांगडालेजी, मी तुम्हाला सांगते, वर जेवायला चला. त्यांनी ताबडतोब डबा बंद केला आणि माझ्याआधी जिना चढले. वर चार जिलब्या खाल्ल्या.

त्याच दुपारी, हात धुताना, त्यांनी एक गोष्ट सांगितली. गावात एका लग्नाचं आवतन सांगताना त्यांच्याकडून एक घर सुटलं होतं. एका विधवेचं घर, गल्लीच्या टोकाला. तिला वाटलं, सांगायला येतीलच, चूलबंदच असेल. तिने चूल पेटवली नाही. पोरं संध्याकाळपर्यंत दारात बसून राहिली. "थे मागायले आली नाई," रहांगडालेजी म्हणाले, "आन् कोन येते?" तेव्हापासून ते लिहून ठेवतात. मला वाटलं, आता निदान या माणसाचं डोकं कसं चालतं ते मला कळलं. कळलं नव्हतं.

गेल्या वर्षी ट्रस्टने सगळा कारभार एका नव्या पोर्टलवर न्यायचं ठरवलं. हजेरी, रजा, करार, सगळं. प्रत्येकाला त्या पोर्टलची एक मेल येणार, तिच्यातला दुवा उघडून फॉर्म भरायचा. महिनाअखेरपर्यंत ज्याचा फॉर्म आला नाही त्याचा करार पुढे चालणार नाही, असं पत्रकच निघालं. मेल ट्रस्टच्या पत्त्यावरून येणार नव्हत्या, कुठल्याशा कंपनीकडून येणार होत्या. म्हणजे चूलबंदात बसत नव्हत्या.

व्यवस्थापक खाली जाऊन म्हणाले, त्या कंपनीला सरसकट मोकळं करून टाका. रहांगडालेजी म्हणाले, "वळखीची नाई जी. एकेक पान देतो." आम्ही त्रेचाळीस जण. त्रेचाळीस नोंदी, त्रेचाळीस दुसऱ्यांच्या सह्या, त्रेचाळीस वेळा "वाचून केली का?" सगळं हॉस्पिटल त्यांच्या नावाने बोटं मोडत होतं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या सफाईच्या बायकांना त्यांनी स्वतः वाचून दाखवलं, समजलं का विचारलं, आणि जेवणाची सुट्टी घालवून त्यांचे फॉर्मही भरून दिले. एकट्या मी चौदा जणांसाठी सह्या केल्या. पंधराव्या दिवशी मी जाहीर केलं की यापुढे त्या सुतळीच्या पेनाला मी हात लावणार नाही.

मुदतीचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. सोमवारी तपासणी पथक येणार होतं, माझ्या टेबलावर तीन वर्षांच्या फायली होत्या. चारच्या सुमारास रहांगडालेजी आले. रजिस्टर छातीशी धरलेलं.

"मॅडमजी, एक सही होती."

मी मान वर केली नाही. "रहांगडालेजी, आता नाही. माझ्यात पेन उचलायची ताकद नाही. उद्या."

"हो जी," ते म्हणाले आणि गेले.

कुणासाठी आहे, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी हजेरीच्या यंत्राने त्यांचा अंगठा घेतला नाही. ते दाराशी उभे राहून परत परत अंगठा पुसून लावत होते. व्यवस्थापकांनी पोर्टल उघडून पाहिलं. बेचाळीस नावं होती. मी जिन्याखाली धावत गेले आणि रजिस्टर उघडलं. शेवटची ओळ त्यांच्या वळणदार अक्षरात होती. येणार कोण: पोर्टल. कोणासाठी: स्वतः. एक पान. आणि सही करणाऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने माझं नाव, पुढे जागा कोरी.

इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. मी त्यांच्यासमोर ते रजिस्टर आपटलं. "इमारतीत बेचाळीस माणसं होती. कुणीही सही केली असती. मी नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे जायचं. निदान तुमचं आहे एवढं तरी बोलायचं. आणि काहीच नाही तर तुमच्याच हातात होतं ना बटण? दाबायचं होतं, आत घ्यायची होती स्वतःची मेल."

त्यांनी रजिस्टर उचललं, पदर नीट करावा तसं त्याचं मुडपलेलं पान हाताने सरळ केलं.

"मंग बेचारीस जनायले सही काऊन मांगली मी?"



मी व्यवस्थापकांना घेऊन नागपूरला फोन लावला. पलीकडचे साहेब म्हणाले, मेल तीनदा गेलेली दिसते. ज्याच्या हातात किल्ली तोच आत आला नाही, त्याला आम्ही काय करणार? शिवाय यादीचं हे काम आता नागपूरहूनच होणार आहे. कदाचित त्यांनी रहांगडालेजींना तसंही काढलं असतं. लोक मला हेच सांगतात, माझ्या समाधानासाठी. मला समाधान होत नाही. मी "उद्या" म्हटलं होतं आणि त्या माणसाला उद्या नव्हता.

त्याच आठवड्यात त्यांनी खोलीच्या किल्ल्या दिल्या, कॉम्प्युटरचं लुगड्याचं झाकण धुऊन घडी करून ठेवलं, आणि गेले. यादी आता नागपूरहून चालते. मेल झटक्यात येतात. त्यातल्या निम्म्या कुणी का पाठवल्या ते कळत नाही, आणि छपरीत कोण बसलंय ते सांगायला दोन मजले चढून कुणी येत नाही. रजिस्टर मी माझ्या कपाटात ठेवलं.

या मार्चमध्ये फाटकावरून फोन आला. तिथेही आता नवी पद्धत झाली आहे. दारावरचा मिशीवाला गार्ड गोंदिया शहरातला, हातात टॅबलेट, त्यात भेटायला येणाऱ्यांची यादी. "मॅडम, एक बुजुर्ग आए हैं. लिस्ट में नाम नहीं है. बोलते हैं, बीस साल यहीं काम किया. अंदर का कोई साइन करेगा तभी छोडूँगा."

मी खाली गेले. रहांगडालेजी फाटकाबाहेर कडुलिंबाच्या सावलीत उभे होते. धुतलेला शर्ट, वरचं बटण लावलेलं, हातात स्टीलचा डबा. किती वेळ उभे आहात, विचारलं तर म्हणाले, झाला असेल एखादा तास. मी गार्डवर खेकसणार तोच त्यांनी हात आडवा केला.

"मानूस बरोबर करून राहिला. त्याले काऊन रागावता?"

मी टॅबलेटवर बोटाने सही ओढली. इतक्या घाईने की ती माझी मलाच ओळखू आली नाही. रहांगडालेजी वाकून पडद्याकडे बघत होते.

"वाचून केली का?"

नव्हती वाचली. मी फाटकात उभी राहून वाचली, मोठ्याने. भेटायला येणाऱ्याचं नाव, भेटीचं कारण, माणसं किती. गार्ड माझ्याकडे बघत राहिला.

त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. डब्यात हळद लावलेले तांदूळ. त्यांनी चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "चूलबंद, मॅडमजी." मग ते एकेका टेबलाशी गेले, वॉर्डात गेले, औषधाच्या खिडकीवर गेले, सफाईच्या बायकांना मागच्या अंगणात जाऊन सांगून आले. व्यवस्थापकांच्या दाराशी ते आत बोलावेपर्यंत थांबले. बेचाळीसच्या बेचाळीस. त्यात दुपारचे चार वाजले.

निघताना मी त्यांना थांबवलं. कपाटातून रजिस्टर काढलं, शेवटची ओळ उघडली. पेन्सिलीतलं माझं नाव पुसट झालं होतं. मी ती ओळ वाचली, या वेळी त्यांनी सांगायच्या आधी, आणि सुतळीचं पेन घेऊन समोर सही केली. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही. तारखेच्या रकान्याशी माझा हात थांबला. त्या शुक्रवारची तारीख मला पाठ होती.

"आजची टाकजा जी," ते म्हणाले. "सही आज झाली ना."

मी आजची टाकली. त्यांनी बोट ठेवून ती ओळ शेवटपर्यंत वाचली, मान हलवली आणि रजिस्टर मिटून मला दिलं.

खिडकीतून मी त्यांना फाटकापर्यंत जाताना पाहिलं. गार्ड त्यांना नुसतं जा म्हणत होता, पण बाहेर पडल्याची वेळ टॅबलेटवर चढेपर्यंत ते हलले नाहीत. मग डबा उघडून त्यांनी त्याच्याही हातावर पिवळे तांदूळ ठेवले. काय बोलले ते इतक्या लांबून ऐकू आलं नाही, पण त्यांनी एक बोट वर केलेलं दिसलं. ओळख नवी होती. एक पान.

लग्न पुढच्या गुरुवारी होतं. त्या दिवशी आमच्या घरी कुणी गॅस पेटवला नाही, सकाळच्या चहालासुद्धा.